ती बहरीनची कशी काय?

१५ ऑगस्ट २०१६. सोमवार. शनिवार-रविवारला जोडून सुट्टी आली होती, त्यामुळे अर्धं पुणं लोणावळ्याच्या वाटेवर अडकलं होतं. मी मात्र आजोळी, दहिवडीला, मामाच्या घरी टीव्हीसमोर मांडी ठोकून बसले होते. संध्याकाळचे पावणेआठ वाजत आले होते. मामा, मामी, शेजारचे दोन आजोबा, त्यांची नातवंडं... सगळी आळी जमली होती. आणि मुख्य म्हणजे लाइट होती! कारण रिओ ऑलिंपिकमध्ये आमची ललिता धावणार होती.

ललिता बाबर. गाव मोही, तालुका माण, जिल्हा सातारा. म्हणजे आमच्याच तालुक्यातली लेक. ज्या तालुक्यात पाण्याचा टँकर आला की बायकांची पळापळ होते, तिथल्या मुलीने पाण्याचे खड्डे ओलांडायच्या शर्यतीत नाव काढावं, याचं सगळ्यांना भारी कौतुक होतं. दोनच दिवसांपूर्वी प्राथमिक फेरीत तिने ९ मिनिटं १९.७६ सेकंदांचा नवा राष्ट्रीय विक्रम केला होता. ऑलिंपिकमध्ये ट्रॅकवरच्या वैयक्तिक शर्यतीच्या फायनलला पात्रता फेरीतून भारतीय बाई पोचली, ती १९८४ च्या पी. टी. उषानंतर थेट तेव्हाच. मध्ये ३२ वर्षं गेली!

शर्यत सुरू झाली आणि थोड्याच वेळात लाल कपड्यातली एक सडपातळ मुलगी घोळक्यातून सुटली ती सुटलीच. मागे वळून बघणं नाही, काही नाही. रूथ जेबेट, देश बहरीन, वय वर्षं १९. वेळ ८ मिनिटं ५९.७५ सेकंद. विश्वविक्रम एका सेकंदाने हुकला. त्या दिवसापर्यंत बहरीनच्या खात्यात ऑलिंपिकचं एकही सुवर्ण नव्हतं. ललिता दहावी आली. आळीने टाळ्या वाजवल्या, मामीने चहा टाकला आणि मामाने तो प्रश्न विचारला.

"ही पोरगी बहरीनची कशी काय गं? नावावरनं तर वाटंना."

"मूळची केनियाची आहे मामा. बहरीनने घेतलीय."

"घेतली म्हंजे? इकत?"

मी हसले. उत्तर मात्र दिलं नाही. खरं सांगायचं तर माझ्याकडे ते नव्हतंच.

आता ज्यांना स्टीपलचेस म्हणजे काय हे माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. ३००० मीटर धावायचं. वाटेत २८ अडथळे आणि वर पाण्याच्या ७ उड्या. बायकांसाठी अडथळ्याची उंची ७६.२ सेंटिमीटर, म्हणजे आपल्या डायनिंग टेबलाएवढी. हर्डल्सला पाय लागला तर ते पडतं. इथे पाय लागला तर आपण पडतो! पुरुष हे ऑलिंपिकमध्ये १९२० पासून करतायत. बायकांना जागतिक स्पर्धेत संधी मिळाली २००५ साली, हेलसिंकीला. ऑलिंपिकमध्ये तर २००८ उजाडलं. बीजिंगला रशियाच्या गुलनारा समितोव्हा-गालकिनाने पहिल्यांदाच नऊ मिनिटांच्या आत ही शर्यत संपवली.

म्हणजे खेळ अगदी नवा. पण एवढ्याशा आयुष्यात त्याने काय काय बघितलं! बीजिंगच्या त्या पहिल्याच ऑलिंपिकचं ब्राँझ घेणारी येकातेरिना व्होल्कोव्हा. तिचे साठवून ठेवलेले नमुने २०१६ मध्ये पुन्हा तपासले, त्यात स्टेरॉइड सापडलं आणि पदक परत गेलं. २००९ ची बर्लिनची जागतिक विजेती, स्पेनची मार्टा दोमिंगेझ. तिचं सुवर्ण रक्ताच्या नोंदींवरून २०१५ मध्ये काढून घेतलं आणि दुसरी आलेल्या रशियाच्या युलिया झारिपोव्हाकडे गेलं. आणि ही युलिया? २०११ ची जागतिक स्पर्धा आणि २०१२ चं लंडन ऑलिंपिक तिने जिंकलं होतं. ती दोन्ही सुवर्णपदकं तिच्याकडून काढून घेतली, कारण तिच्याही रक्ताच्या नोंदी गडबडलेल्या निघाल्या!

त्या दोन्ही शर्यतींत दुसरी आली होती ट्युनिशियाची हबिबा घ्रिबी. तिला तिची दोन्ही सुवर्णपदकं मिळाली ती २०१६ च्या जून महिन्यात. एक पाच वर्षं उशिरा, दुसरं चार वर्षं उशिरा. पदक तेच हो, पण लंडनच्या भरलेल्या स्टेडियममध्ये आपलं राष्ट्रगीत वाजताना उभं राहायचं जे असतं, ते कोण परत देणार?

हे सगळं मी त्या रात्री दहिवडीला मोबाईलवर वाचत बसले होते. आणि मनात पक्कं झालं... या खेळात जो फार पुढे जातो, त्याच्यात काहीतरी काळंबेरं असतं. त्यातून जो दुसऱ्या देशाकडून धावतो, त्याच्यात तर असणारच.

बाराच दिवसांनी रूथने पॅरिसला विश्वविक्रम केला. ८ मिनिटं ५२.७८ सेकंद. आधीच्यापेक्षा सहा सेकंदांनी चांगला. मी मामाला फोन करून म्हटलं, "बघाच तुम्ही, ही एक दिवस सापडणार."

आणि सापडली! २०१७ च्या डिसेंबरमध्ये घेतलेल्या नमुन्यात ईपीओ मिळालं. हे आपल्या मूत्रपिंडात तयार होणारं हार्मोन. बाहेरून टोचून घेतलं की रक्तातल्या लाल पेशी वाढतात, ऑक्सिजन जास्त वाहून नेला जातो आणि दमायचं लांबतं. २०१८ च्या मार्चमध्ये बातमी आली. पुढे चार वर्षांची बंदी झाली. मी मामाला परत फोन केला. 'बघा, मी म्हटलं नव्हतं?' या वाक्यात काय सुख असतं, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको.

त्या सुखात मी एक गोष्ट वाचलीच नाही. रूथचं रिओचं सुवर्ण तिच्याकडेच राहिलं. कारण दोष सिद्ध झाला होता तो २०१७ च्या डिसेंबरचा, २०१६ च्या ऑगस्टचा नव्हे. सिद्ध झालेलं आणि आपल्याला वाटलेलं, यातला फरक त्या निकालात स्वच्छ लिहिलेला होता. मला मात्र तो नको होता.

आता माझी गोष्ट. मी तेव्हा रविवारच्या एका रनिंग ग्रुपमध्ये होते. पाषाणच्या बाजूला जमायचो. चाळीस टक्के धावणं, साठ टक्के नंतरचे पोहे आणि चहा. ग्रुपमधल्या बायकांत सगळ्यात फास्ट मी. कुणी मोठ्याने म्हणायचं नाही, पण सगळ्यांना माहीत होतं. मला तर फारच माहीत होतं!

मग ती आली. तिला आपण 'ती'च म्हणू या. दुसऱ्या ग्रुपमधून आमच्याकडे आलेली, कमी बोलणारी, पोह्यांना न थांबणारी. पहिल्या १० किलोमीटरच्या शर्यतीत तिला ६२ मिनिटं लागली. मला ५७. मी तिला "छान केलंस हं" म्हटलं, अगदी मनापासून. दोन महिन्यांनी, २०१८ च्या डिसेंबरमध्ये, दुसरी शर्यत झाली. मला ५७, तिला ५४.

त्या दिवशी पोह्यांच्या टेबलावर मी म्हटलं, "आठ मिनिटं? दोन महिन्यांत? मध्ये रिक्षा केली असेल." सगळे खदखदून हसले. हशा मिळाला की माणूस थांबत नाही. "नाहीतर मग आमच्या रूथ जेबेटसारखं काहीतरी टोचून घेत असेल." पुन्हा हशा. मंगळवारपर्यंत व्हॉट्सअॅपवर सिरिंजच्या स्मायली फिरायला लागल्या. नाव कुणी घेतलं नाही. घ्यायची गरजच नव्हती. जानेवारीत एका सकाळी ग्रुपवर ती बाहेर पडल्याची ओळ दिसली. कुणीच काही विचारलं नाही. मीही नाही.

काही आठवड्यांनी एक मैत्रीण सहज म्हणाली, "अगं, तिचे स्प्लिट्स वेबसाइटवर आहेत. सगळ्या मॅट्सवरून गेलीय ती." स्प्लिट्स म्हणजे वाटेतल्या टप्प्यांच्या वेळा. बुटाला लावलेल्या चिपवरून त्यांची नोंद होते. बघायला दोन मिनिटं लागतात. शिवाय कळलं, की ती आठवड्यातून तीनदा पहाटे पाचला बालेवाडीला एका कोचकडे जात होती आणि तिथून थेट शिफ्टला. पोह्यांना थांबायची नाही ती त्यामुळेच. हे ग्रुपमध्ये माहीत का नव्हतं? कारण कुणी विचारलंच नव्हतं.

तेव्हा वाईट वाटलं. पण इतकंही नाही, की फोन उचलून सॉरी म्हणावं. आपण असतोच बिझी.

मी काम करते एचआरमध्ये. हिंजवडीतल्या कंपनीसाठी माणसं शोधते. आता शोधते म्हणजे काय, तर दुसऱ्या कंपनीतली चांगली माणसं हेरायची, त्यांना जास्त पॅकेज द्यायचं आणि आपल्याकडे आणायचं. गेल्या महिन्यात जो समोरच्या कंपनीचा टी-शर्ट घालून मॅरेथॉन धावला, तो या महिन्यात आमचा घालतो. त्याला आम्ही 'करिअर ग्रोथ' म्हणतो. माझं अप्रेझल त्यावर ठरतं! म्हणजे बघा, मामाच्या 'इकत?'चं उत्तर सगळ्यात आधी माझ्याकडे असायला हवं होतं.

बरं, घरातलंच सांगते. माझा दादा २०१७ मध्ये कॅनडाचा नागरिक झाला. हातात छोटा झेंडा घेऊन शपथ घेतानाचा फोटो त्याने पाठवला. भारतात दुहेरी नागरिकत्व नाही, त्यामुळे निळा पासपोर्ट परत करावा लागला. आई जरा गप्प झाली. पण मामाने काय केलं? दहिवडीत पेढे वाटले! "भाचा कॅनडाचा झाला!" त्याच मामाने वर्षभरापूर्वी एका पोरीला 'विकत घेतली का' म्हणून विचारलं होतं.

मी हे मामाला बोलून दाखवलं. तो काही ऐकून घेणारा नाही. म्हणाला, "दादानं कुणाचं मेडल नेलं नाय. तिनं आमच्या पोरींचं नेलं."

आणि गंमत म्हणजे मामाचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. २०१० च्या ग्वांगझू एशियाडमध्ये बायकांची ही शर्यत पहिल्यांदा झाली आणि रायबरेलीच्या सुधा सिंगने सुवर्ण जिंकलं. त्यानंतर? २०१४, इंचॉन. रूथ जेबेट पहिली आली, तिला नियमभंगासाठी बाद केलं, ललिता दुसरी आणि सुधा तिसरी ठरली. मग बहरीनने अपील केलं, निर्णय फिरला, ललिताचं रौप्य ब्राँझ झालं आणि सुधा चौथी. हातातोंडाशी आलेला घास गेला. २०१८, जकार्ता. सुवर्ण विन्फ्रेड यावीला. जन्म केनियाचा, देश बहरीन. सुधाला रौप्य. २०२३, हांगझोऊ. सुवर्ण पुन्हा यावी, रौप्य आपली पारुल चौधरी, ब्राँझ प्रीती लांबा. सलग तीन एशियाडची तीन सुवर्णं बहरीनकडे, आणि तिन्ही केनियात जन्मलेल्या मुलींनी आणलेली. सुधा, ललिता, पारुल यांच्या जागी आपण असतो तर आपल्यालाही राग आलाच असता की!

पण दुसरी बाजू बघा. ऑलिंपिकमध्ये एका देशाला एका शर्यतीत जास्तीत जास्त तीनच जागा. केनियात चौथी, पाचवी, दहावी आलेली मुलगीसुद्धा बाकी जगाला भारी पडते. तिने काय करायचं? रूथने देश बदलला २०१३ मध्ये, तेव्हा ती १६ वर्षांची होती. १६ व्या वर्षी आपण सायन्स की कॉमर्स यावर घरात रडारड करत होतो! तिच्यामागे रिओत दुसरी आलेली हायविन कियेंग केनियाचीच. म्हणजे एकाच देशात जन्मलेल्या दोघी, दोन वेगळ्या कपड्यांत.

यातला बाजार जागतिक संघटनेलाही खुपला. २०१७ मध्ये तिने देश बदलणं पूर्ण थांबवलं आणि २०१८ मध्ये नवे नियम आणले. वय किमान २०, तीन वर्षं थांबायचं आणि आयुष्यात एकदाच बदलायचं. शाळकरी मुलींना उचलून नेणं त्यामुळे तरी अवघड झालं. माझ्या मते राग धरायचाच असेल तर तो अशा उचलून नेण्याचा धरावा. धावणाऱ्या पोरीवर तो काढणं सोपं असतं, कारण टीव्हीवर तीच दिसते.

हे शहाणपण मला एकदम आलं नाही. ते आलं नोरा जेरुतोमुळे. हीसुद्धा केनियात जन्मलेली, २०२२ पासून कझाकस्तानकडून धावणारी. त्याच वर्षी युजीनला तिने ८ मिनिटं ५३.०२ सेकंदांत जागतिक सुवर्ण जिंकलं. २०२३ च्या एप्रिलमध्ये तिच्यावर तात्पुरती बंदी आली. तिच्या 'बायोलॉजिकल पासपोर्ट'मध्ये, म्हणजे वर्षानुवर्षं ठेवलेल्या रक्ताच्या नोंदींमध्ये, गडबड दिसली होती. मी म्हटलं, घ्या! केनिया, कझाकस्तान, सुवर्ण... आणखी काय पुरावा हवा? ती सांगत होती, की अल्सर आणि कोविडमुळे रक्त बिघडलं. मी हसले. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये बुडापेस्टला तिला तिचं विजेतेपद राखायला उतरताच आलं नाही. आणि त्यानंतर वर्ष संपायच्या आत शिस्तपालन लवादाने तिच्या बाजूने निकाल दिला.

दोषी धरण्यासारखं काही सिद्ध झालं नाही, पण बुडापेस्ट गेलं ते गेलंच. हबिबाला पदक उशिरा का होईना मिळालं. न धावलेली शर्यत कुणाला उशिरा मिळत नाही.

ही बातमी मी ऑफिसच्या कॅबमध्ये वाचली आणि पहिल्यांदा मला 'ती' आठवली. ५४ मिनिटंवाली. रूथ आणि नोरा, दोघींवर मी एकाच कारणासाठी संशय घेतला होता. एकीच्या बाबतीत मी बरोबर निघाले. पण ते बरोबर निघणं माझं नव्हतंच. ते प्रयोगशाळेचं होतं. मी फक्त त्या मुली कुठून आल्या ते बघितलं होतं. 'ती'सुद्धा दुसऱ्या ग्रुपमधून आलेली होती ना!

बरं, स्वच्छतेचं म्हणाल तर आपलं काय? वाडा या जागतिक डोपिंगविरोधी संस्थेची २०२३ ची आकडेवारी आहे. भारतात ५,६०६ नमुने तपासले, २१३ मध्ये बंदी असलेले पदार्थ सापडले. प्रमाण ३.८ टक्के. जास्त तपासण्या करणाऱ्या देशांमध्ये आपण वरच्या नंबरावर. आपल्या मुली जिंकल्या की आपण पेढे आणतो, नमुना मागत नाही. मागूही नये. त्यासाठी यंत्रणा आहे, तिला तिचं काम करू द्यावं. पण मग तोच नियम लाल कपड्यातल्या पोरीलाही लावायला नको का?

त्या रात्री मी 'ती'ला मेसेज टाकला. तीन वेळा लिहून खोडला. शेवटी सरळ लिहिलं, की रिक्षावाला जोक मी केला होता, सिरिंजचाही मीच सुरू केला, चूक झाली, सॉरी. दोन दिवस उत्तर नाही. तिसऱ्या दिवशी आलं. "ठीक आहे. तेव्हाच विचारलं असतंस तर बरं झालं असतं."

एवढंच. स्मायली नाही, उद्गारचिन्ह नाही. ती ग्रुपमध्ये परत आली नाही. ती अजून धावते, माझ्यापेक्षा बरीच फास्ट. शर्यतीच्या सुरुवातीला कधी दिसली तर मान हलवते. मीही हलवते. यापेक्षा जास्त काही मागायचा मला हक्क नाही.

मामाचा मात्र स्टीपलचेसचा नाद सुटलेला नाही. ललिता आता राज्य सरकारची अधिकारी झालीय, पण मामा बाकीच्यांच्या बातम्या ठेवतो. २०२५ च्या मे महिन्यात कोरियात गुमीला आशियाई स्पर्धा झाली. नोरा जेरुतो पहिली, दोन सेकंदांनी पारुल चौधरी दुसरी, ९ मिनिटं १२.४६ सेकंद, नवा राष्ट्रीय विक्रम. मामा फोनवर म्हणाला, "ती तुझी निर्दोष सुटलेली पुढं गेली बघ. पण आपल्या पोरीला पळवलं बेस तिनं."

आणि सप्टेंबरमध्ये टोकियोची जागतिक स्पर्धा. पॅरिस ऑलिंपिकची विजेती विन्फ्रेड यावी एकीकडे, केनियाची फेथ चेरोटिच दुसरीकडे. फेथने बाजी मारली, ८ मिनिटं ५१.५९ सेकंद. यावीला रौप्य. मामाचा लगेच फोन.

"दोघी बी केनियाच्याच नव्हं? मग हरलं कोन?"

"बहरीन," मी म्हटलं.

"बहरीन कुटं पळालं?" मामा म्हणाला. मग जरा थांबून, "दादाचा पोरगा पळतो म्हनं साळंत. पुढं-मागं कुनाकडनं पळंल?"

"कॅनडाकडून, मामा."

पलीकडे थोडा वेळ काहीच आवाज नाही. मला वाटलं, रेंज गेली.

"पळू दे," मामा म्हणाला. "तेवढं पान्यात पडू नगं म्हनावं."